जबडा आणि मान दुखते: स्प्लिंट, फिजिओ की चावाच बदलायचा?

जबडा दुखतो, मान आखडते आणि तपासणीनंतर तीन पर्याय समोर येतात: रात्री दातांवर घालायचा स्प्लिंट, फिजिओथेरपी, नाहीतर चावाच, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवणच, बदलून घेणं. त्यात ‘चावा तिरका आहे म्हणून कंबर दुखते’ असं कुणी सांगितलेलं असलं, की तिसरा पर्याय एकदम पटायला लागतो. मला तिथेच थांबावंसं वाटतं.

जबडा आणि मान यांचं नातं खरं आहे. चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस आणि मानेच्या वरच्या नसा यांच्या वेदना मेंदूच्या बुंध्याजवळ एकाच केंद्रात पोचतात. त्यामुळे मानेतली कळ जबड्यात किंवा कानशिलात जाणवू शकते. डोकं पुढे काढून बसलं की खालच्या जबड्याची ठेवणही बदलते. मानेच्या खाली मात्र पुरावा विरळ होत जातो. चावा बदलल्यावर उभं राहण्याच्या तोलात बारीकसे फरक मोजता येतात, पण तेवढ्यावरून कंबरदुखीचं खापर दातांवर फोडता येत नाही.

म्हणून माझं माप फिजिओच्या बाजूने झुकतं. जबड्याच्या जुनाट दुखण्यावर ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने 2023 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत देखरेखीखाली जबड्याचे आणि शरीराच्या ठेवणीचे व्यायाम, हाताने सांधा मोकळा करणं आणि वर्तनोपचार यांची ठाम शिफारस आहे. अडचण एवढीच, की व्यायाम रोज आणि नेटाने करावे लागतात.

काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटला त्याच सूचनांनी सौम्य नकार दिला आहे. तरी झोपेत दात खाणाऱ्यांना तो दातांची झीज वाचवायला उपयोगी पडतो. दात खाणं त्याने थांबेलच असं नाही. घ्यायचा तर सगळ्या दातांवर बसणारा घ्यावा. मोजक्याच दातांवर टेकणारा दीर्घकाळ वापरला तर बाकीचे दात जागा सोडू शकतात.

चावा कायमचा बदलणाऱ्या स्प्लिंटला तर या सूचनांचा ठाम विरोध आहे. डॉक्टरांकडून दात यंत्राने घासून त्यांची उंची कमी करण्याबाबतही मी सावध राहीन, कारण घासलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, परत येत नाही. दात वेडेवाकडे आहेत म्हणून ब्रेसेस लावायच्या तर जरूर लावा, पण पाठदुखी जाईल या आशेवर नको. कुणी तसा आग्रह धरलाच, तर ‘मध्येच थांबलो तर सगळं पूर्ववत होईल का?’ एवढं आधी विचारा.

दरम्यान दिवसा ओठ मिटलेले आणि दात सुटे ठेवायची सवय लावता येते. दुखत नसेल तर नुसत्या कटकट आवाजाला उपचार लागत नाहीत. जबडा अडकला, सूज किंवा ताप आला, तर मात्र लगेच दाखवा. पन्नाशीनंतर चावताना जबडा नव्यानेच दुखू लागला आणि जोडीला कानशिलं ठणकत असतील किंवा दिसण्यात फरक पडला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि चालताना किंवा जिना चढताना जबड्यात कळ येत असेल, तर आधी हृदयाची तपासणी.