कंपनीतल्या चौकशा आणि एआय: काही महिने वापरल्यानंतर

आमच्या कारखान्यात शिफ्टमधली हाणामारी, भंगाराच्या गाडीतून गेलेला माल, बनावट मेडिकल सर्टिफिकेट अशा सगळ्या चौकशा एचआरच्याच गळ्यात पडतात. कंपनीने घेतलेला एआय असिस्टंट मी गेले काही महिने या कामाला वापरतोय. जबाबांची छाननी करायला तो झकास आहे. निकाल द्यायला बसवला तर मात्र घात करेल.

"सुपरवायझरने शिवीगाळ केली का, जबाब वाचून सांग" असं विचारलं की तो शिवीगाळ हुडकूनच आणतो. उलट विचारा, उलटा पुरावा हजर! म्हणून आता माझा मजकूर ठरलेला आहे: "जबाबातल्या परिच्छेदांना क्रमांक दिले आहेत. प्रत्येक विधानापुढे लिही: स्वतः पाहिलं, ऐकीव, की अंदाज. परिच्छेद क्रमांक दे. जबाबात नाही ते लिहू नकोस. वेळ नसेल तर 'वेळ नमूद नाही' लिही. कोण खरं, कोण खोटं यावर मत देऊ नकोस."

फरक किती पडतो बघा. भंगाराच्या प्रकरणात वॉचमन म्हणाला होता, "गाडी गेली तेव्हा स्टोअरवाले गेटवर होते." नुसता सारांश मागितल्यावर उत्तर आलं, "रात्री साडेदहाच्या सुमारास स्टोअरकीपरच्या संमतीने गाडी बाहेर पडली." साडेदहा कुणी सांगितले? संमती कुठून आली? वरचा मजकूर दिल्यावर: "उपस्थिती: परिच्छेद ४, स्वतः पाहिलं. वेळ नमूद नाही. गाडीतला माल: परिच्छेद ६, ऐकीव." त्या 'ऐकीव'मुळे गाडी भरणाऱ्या हमालाला बोलवायचं ठरलं.

साक्षीदारांसाठी प्रश्न काढून घेतले तर "सदर प्रसंगी आपण उपस्थित होता काय?" अशी कोर्टाची भाषा येते. ऑपरेटर असं ऐकूनच गप्प होतो. बोलीतले दोन-तीन नमुने दिले आणि "उत्तर सुचवणारा प्रश्न नको" असं बजावलं की "मग पुढं काय झालं?" असे सरळ प्रश्न मिळतात.

कायद्याच्या बाबतीत कलमाचा मजकूर आपणच चिकटवायचा. लैंगिक छळविरोधी कायदा, २०१३ मध्ये तक्रारीला ३ महिने, चौकशीला ९० दिवस, अहवालाला १० दिवस, मालकाच्या कारवाईला ६० दिवस अशा मुदती आहेत. मजकूर न देता विचारलं की त्यांची सरमिसळ करतो. निवाडे तर मागूच नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले निवाडे सादर केले म्हणून वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता.

लैंगिक छळविरोधी कायद्याचं कलम १६ तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची ओळख उघड करायला मनाई करतं. त्यामुळे अंतर्गत समितीची, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची प्रकरणं मी असिस्टंटमध्ये घालतच नाही. बाकीच्या प्रकरणांत नावाऐवजी 'क', 'ख' लिहितो, हुद्दाही बदलतो. नाइट शिफ्टला एकच महिला क्वालिटी इन्स्पेक्टर असेल तर नाव झाकून काय उपयोग?

हाताने लिहिलेल्या जबाबाचा फोटो अजून त्याच्या भरवशावर सोडत नाही. घाईत लिहिलेलं 'नव्हतो' त्याने एकदा 'होतो' असं वाचलं. ते जबाब आम्ही स्वतः टाइप करतो, साक्षीदाराला वाचून दाखवतो, सही घेतो, मगच असिस्टंटला देतो.