जेम की ग्रिडपिक्स? आधी काय मोजायचंय ते ठरव

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी प्रभारित कणांचा माग काढणारा वायू-डिटेक्टर बांधायचा म्हणून एक विद्यार्थी आला. पर्याय दोन: जेम, म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवणारं भोकाभोकांचं फॉइल, आणि ग्रिडपिक्स, म्हणजे वर जाळी बसवलेली पिक्सेलची चिप. "सर, पिक्सेलवालाच घेऊ ना, ५५ मायक्रॉन म्हणजे केवढा बारीक!"

फसगत होते ती इथेच. म्युऑन, म्हणजे आकाशातून सतत येणारा प्रभारित कण, डिटेक्टरमधल्या आर्गॉन वायूतून जाताना सेंटिमीटरमागे साधारण १०० इलेक्ट्रॉन सोडतो. खाली मोजणीच्या पृष्ठभागापर्यंत येता येता ते पसरतात, सेंटिमीटरभरातच काही शे मायक्रॉन. एकेका इलेक्ट्रॉनची मूळ जागा मग धूसरच राहणार, पिक्सेल कितीही बारीक असू दे. उलट जेमखाली प्रभार टिपणाऱ्या मिलिमीटरभराच्या धातूच्या पॅडवरही शेजारी-शेजारी वाटला गेलेला प्रभार तोलून मध्य काढला, तर १०० मायक्रॉनच्या आसपास अचूकता मिळते.

पिक्सेलची खरी कमाई मोजणीत आहे. ग्रिडपिक्समधल्या टाइमपिक्स चिपवर २५६ × २५६ पिक्सेल असतात. वर ५० मायक्रॉन उंचीच्या खांबांवर जेमतेम १ मायक्रॉन जाडीची ॲल्युमिनियमची जाळी, दर पिक्सेलवर एक भोक. भोकात शिरलेला इलेक्ट्रॉन हिमस्खलनासारखा वाढून खालच्याच पिक्सेलवर पडतो. इलेक्ट्रॉन सुटे मोजता येतात, म्हणून कण कोणता हे ओळखणं सोपं जातं आणि चिकटून गेलेले दोन मागही वेगळे दिसतात. पण ही जाळी चिपवरच घडवावी लागते, सेमीकंडक्टरच्या क्लीनरूममध्ये. ठिणगीने चिप जळू नये म्हणून वर सिलिकॉन नायट्राइडचा थर देतात. तरी धाकधूक राहतेच.

जेम साधी. १९९७ साली सर्नमध्ये फाबिओ साउली यांनी मांडलेली: कॅप्टॉन या प्लॅस्टिकचा ५० मायक्रॉनचा पापुद्रा, दोन्हीकडे तांबं, ७० मायक्रॉनची भोकं. अशी तीन फॉइल एकाखाली एक. एक बिघडलं तर तेवढंच बदलायचं. आमचं पहिलं फॉइल माझ्याच हातून गेलं. हातमोजे न घालता उचललं, भोकात धुळीचा कण बसला आणि शॉर्ट. नाशिकच्या जुलैत तर दमट हवेनेच फॉइलमधली विजेची गळती वाढते. कोरड्या नायट्रोजनमध्ये रात्रभर ठेवल्यावर कुठे मीटरचा काटा खाली येतो.

आता आकारमान बघ. आडव्या पृष्ठभागावर मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक म्युऑन पडतो. १० × १० सेंटिमीटरच्या जेमला मिनिटाला शंभरेक, १४ मिलिमीटरच्या चिपला दोन. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टला हा फरक फार मोठा.

जेमखाली नुसती टाइमपिक्स ठेवायचा मधला मार्गही आहे. पण तिथे एका इलेक्ट्रॉनचा प्रभार कित्येक पिक्सेलांवर सांडतो, म्हणजे ज्या मोजणीसाठी चिप घ्यायची तीच अवघड होते.

त्याला म्हटलं, नुसता माग हवा असेल तर जेम घे, वायूची पेटी सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपमधून करून घेऊ. इलेक्ट्रॉनच मोजायचे असतील, तर एक चिप आणि तिची वाचनयंत्रणा उसनी देणारी लॅब आधी शोध, मग ये.