पावसाळ्यातली बाथरूमची बुरशी: आधी इपॉक्सी की एक्झॉस्ट फॅन?

कोकणात राहणाऱ्याला बाथरूमची बुरशी काय असते ते सांगायला नको. जून सरेपर्यंत टाइलच्या सांध्यांत काळ्या रेघा उमटतात आणि गणपतीच्या आधी घासाघीस ठरलेली. रत्नागिरीत आमच्या घरी दोन बाथरूम आहेत. दोन्हीकडे सगळंच करणं खर्चाच्या दृष्टीने जमणारं नव्हतं, म्हणून एकात जुने सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरायचा रेझिनचा माल) भरलं, दुसऱ्यात ८ इंची एक्झॉस्ट फॅन बसवला. याला तीन पावसाळे झाले.

इपॉक्सीबद्दल माझी तक्रार नाही. सांध्यांत नेहमी भरतात ते पांढरं सिमेंट पाणी पितं, त्यावर साबण बसतो, अ‍ॅसिडने धुतलं की ते झिजून आणखी खडबडीत होतं. इपॉक्सीत पाणी मुरत नाही, डाग आलाच तर वरवरचा. फक्त मिस्त्री सवयीचा हवा. कालवलेला माल लवकर घट्ट होतो, आणि टाइलवर राहिलेला चिकटा वेळेत पुसला नाही तर नंतर निघता निघत नाही.

पण त्या बाथरूममध्ये सांधे स्वच्छ राहिले तरी छत काळं व्हायचं थांबलं नाही. टाइल सात फुटांपर्यंत, त्यावर नुसता रंग. आंघोळीची वाफ तिथे जाऊन बसते. दर पंधरा दिवसांनी स्टुलावर चढायचं, मान वर करून ब्लीचने पुसायचं, आणि थेंब डोळ्यांत. एकदा ओल्या फरशीवर स्टूल सरकलं, बायकोने धरलं म्हणून वाचलो. आधी फॅन, हे माझं मत खरं म्हणजे त्याच दिवशी ठरलं. (ब्लीच वापरणार असाल तर त्या दिवशी अ‍ॅसिडला हात लावू नका. दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो.)

बाहेरच एवढी ओल, फॅन काय करणार, असं मलाही वाटायचं. पण कढत पाण्याच्या आंघोळीनंतर आतल्या हवेत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त वाफ असते, ती गेली तरी पुष्कळ. फॅनवाल्या बाथरूममध्ये पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही, कारण पीव्हीसीचं दार घट्ट बसायचं आणि फॅनला ओढायला हवाच नव्हती. दारात खाली जाळी बसवली. फॅन दिव्याच्याच बटणावर होता, तो वायरमनकडून वेगळा करून घेतला, म्हणजे आंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवता येतो. आता तिथलं छत कोरडं आहे, टॉवेलला कुबट वास नाही. सांधे थोडे पिवळट आहेत, तेवढं चालतं. लाइट गेली की मात्र वायपर आणि उघडी खिडकी, दुसरा इलाज नाही.

तुमच्याकडे मोठी खिडकी असेल आणि टाइल छतापर्यंत असतील, तर कदाचित इपॉक्सी आधी करणं बरं. आमच्या इपॉक्सीवाल्या बाथरूममध्ये मात्र येत्या मे महिन्यात फॅन बसतोय. फॅनवाल्यात इपॉक्सी भरायचा विषय अजून घरात निघालेला नाही.