काळ्या रानात मेटल डिटेक्टर: एका वर्षाच्या वापरानंतरचे मत

गेल्या वर्षी श्रावणात, अंबड तालुक्यातील आमच्या शेतात कापसाची खुरपणी चालू असताना आईची पोत तुटली. काळे मणी वेचून मिळाले, एक वाटी मिळाली, दुसरी मात्र सापडेना. आजीचे डाग मोडून घडवलेल्या त्या वाट्या होत्या आणि आईच्या लेखी त्यांची किंमत सोन्याच्या भावाने ठरणारी नव्हती. तीन दिवस आम्ही त्या दोन ओळींमधील माती धान्याच्या चाळणीने चाळली. परंतु पावसात भिजलेली काळी माती चाळणीतून खाली उतरत नाही, तिचे गोळे होतात, आणि त्या गोळ्यांतच वाटी लपून राहत असेल या शंकेने प्रत्येक गोळा हाताने फोडावा लागतो. चौथ्या दिवशी मी तेवीस हजार रुपये भरून मेटल डिटेक्टर मागवला. त्या यंत्राचा आता एक वर्ष वापर झाला आहे. मराठवाड्यात असे यंत्र घेऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. विक्रेत्याचे व कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या अतिशयोक्तीबद्दल मला तक्रार करायची आहे ती या प्रकारच्या बहुतेक जाहिरातींत आढळते.

यंत्र एकाच वारंवारितेवर चालणारे आहे, वजन सव्वा किलोच्या आसपास आहे आणि खाली अकरा इंची 'डीडी' (इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी असलेली) कॉइल आहे. कॉइलमधील एक वेटोळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. त्या क्षेत्रात धातू आला की त्यात सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि दुसरे वेटोळे त्याचा प्रतिसाद टिपते. तो प्रतिसाद किती मागे पडतो यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते व पडद्यावर एक आकडा दाखवते. लोखंडाचा आकडा लहान येतो, चांदी आणि तांब्याचा मोठा येतो, आणि सोन्याचे पातळ दागिने मधल्या पट्ट्यात पडतात. हे तत्त्व नीट समजून घेतले नाही तर यंत्र निरुपयोगी वाटू लागते, कारण त्याच मधल्या पट्ट्यात ॲल्युमिनियमचा सगळा पातळ कचराही येतो. माहितीपत्रकात सोन्यासाठी 'वेगळा स्वर' असल्याचे छापले आहे. तसा वेगळा स्वर नाही आणि या पद्धतीच्या यंत्रात तो असूही शकत नाही.

हे मला पहिल्याच संध्याकाळी कळले. कपाशीच्या रानात कीटकनाशकाच्या बाटल्यांची झाकणाखालची चकचकीत सीले किती पडलेली असतात, याची कल्पना मला इतकी वर्षे शेती करूनही नव्हती. यंत्र सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस असा आकडा दाखवी, मी खुरप्याने माती बाजूला करी आणि चुरगळलेले सील हाती येई. अशी एकतीस सीले निघाली. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी पुन्हा तोच आकडा आला. बोटभर खोलीवरून एक चिकट ढेकूळ उचलून मी ते कॉइलसमोर धरले, तेव्हा आवाज ढेकळाबरोबर वर आला. ढेकूळ दोन्ही अंगठ्यांनी फोडले. आत वाटी होती, एका बाजूने चेपलेली, पोकळीतील लाखेचा तुकडा बाहेर डोकावत असलेली. आईने ती पदराने पुसली आणि कितीतरी वेळ हातात धरून ठेवली. या एका कामासाठी यंत्राचे पैसे फिटले असे मी मानतो, आणि पुढील सर्व दोष वाचताना वाचकाने हे ध्यानात ठेवावे.

येथेच एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. वाटी, अंगठी, जोडवे, वाळा अशी वेढ्याची किंवा सलग पत्र्याची वस्तू यंत्राला चांगली कळते. बारीक कड्यांची साखळी मात्र फार वाईट कळते, कारण यंत्राला ती सलग वस्तू म्हणून दिसतच नाही, एकेक सुटी बारीक कडी तेवढी जाणवते. साखळी हरवली असेल तर तिचा हूक किंवा पदक शोधत आहोत असे समजून कॉइल जमिनीला जवळजवळ टेकवून, अगदी सावकाश फिरवावी लागते.

आता खोलीबद्दल. खोक्यावर 'एका नाण्यासाठी बारा इंच' असे ठळक छापले आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या आपल्या काळ्या मातीत लोहयुक्त चुंबकीय खनिजे भरपूर असतात आणि ती स्वतःच यंत्राला उत्तर देत राहतात. मी घरातील एक कलदार (ब्रिटिश काळातील चांदीचा) रुपया निरनिराळ्या ठिकाणी पुरून पाहिला: गोदावरीच्या वाळूत तो नऊ इंचांपर्यंत स्पष्ट ऐकू आला, मुरमाड बरडावर सात इंचांपर्यंत, आणि ओलसर काळ्या रानात जेमतेम पाच इंचांपर्यंत. जमिनीचा प्रभाव वजा करण्याची सोय यंत्रात आहे. मोकळ्या जागी बटण दाबून कॉइल पाच-सहा वेळा खालीवर करायची असते. आमच्या भागात दर पन्नास-साठ पावलांवर, आणि बांध ओलांडला की न चुकता, हे पुन्हा करावे लागते. चैत्र-वैशाखात जमीन भेगाळली की यंत्र जवळजवळ वापरूच नये, कारण प्रत्येक भेगेवरून कॉइल जाताना खोटा आवाज येतो. याच भेगांतून पडलेली वस्तू हातभर खाली जाते, पहिल्या पावसाने माती फुगून भेग मिटते आणि वस्तू आतच राहते. काळी माती वस्तू गिळते असे जुनी माणसे म्हणतात ते शब्दशः खरे आहे, आणि म्हणूनच दागिना हरवल्यास पावसाळा संपण्याची वाट न पाहता शोध घेतलेला बरा.

जुन्या नाण्यांविषयी मला अधिक गंभीरपणे लिहायचे आहे, कारण यंत्र पाहिल्यावर प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो. माझ्या स्वतःच्या रानात, विहिरीच्या वाटेवर, मला निजामाच्या काळातील दोन पैचे एक नाणे मिळाले: मधोमध भोक, भोवती तुघ्रा म्हणजे राज्यकर्त्याच्या नावाची नक्षीदार अक्षरे, हिरवट गंज. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा हाली (निजामाच्या राज्याचा) रुपया हा हिशेब आमच्या वडिलांना तोंडपाठ होता. त्यांनी ते नाणे ओळखून लगेच 'हाली आहे, कलदार नव्हे' असे सांगितले. या आनंदात कोणतीही चूक नाही. परंतु त्यापुढे पाऊल टाकण्यापूर्वी कायदा माहीत असला पाहिजे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शंभर वर्षांहून जुनी नाणी व दागिने १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात. संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात परवान्यावाचून उत्खनन करणे हा तर १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. देवगिरीच्या तटाखाली किंवा वेरूळच्या परिसरात यंत्र घेऊन जाण्याचा विचारही करू नये. हे सगळे यंत्राच्या खोक्यात एका ओळीनेही लिहिलेले नाही आणि हा मला खोलीच्या खोट्या आकड्याहून मोठा दोष वाटतो.

कायदा बाजूला ठेवला तरी माझे मत तेच राहील. पैठण आणि तेर ही दोन्ही नगरे 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराची माहिती देणाऱ्या प्राचीन ग्रीक ग्रंथात पैठाण व तगर या नावांनी आलेली आहेत. तेथील पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सातवाहनांची शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची नाणी मिळतात. असे नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी पडले होते, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. आवाज आला म्हणून खड्डा करून ते उपसले की नाणे हाती राहते आणि त्याची साक्ष नाहीशी होते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गावातील वस्तू जमवल्या, त्या गावातच राहिल्या आणि आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेथे उभे आहे. यंत्र नसतानाही गावाचे धन गावात कसे राहते हे पाहायचे असेल तर तेरला अवश्य जावे.

सार्वजनिक जागी मी यंत्र तीन वेळा वापरले, तिन्ही वेळा हरवलेल्या वस्तूसाठी आणि ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घेऊन. लग्नाच्या मांडवाखालील मैदानात एका पाहुण्याची अंगठी पाऊण तासात मिळाली. दुसऱ्या वेळी काही मिळाले नाही. तिसऱ्या वेळी जत्रेच्या मैदानावर ज्या पैंजणासाठी गेलो ते न मिळता कुणाचे तरी चांदीचे जोडवे मिळाले; ते पंचनामा करून ग्रामपंचायतीत जमा केले आहे. मैदानावर खोदताना गवताचा थर एका बाजूने उचलून झाकणासारखा परत बसवावा, निघालेले खिळे व बाटल्यांची बुचे सोबत घेऊन यावीत, एवढी शिस्त पाळली तर कोणी हरकत घेत नाही. नदीच्या घाटावर मात्र मी जात नाही. तेथे दोरीला लोहचुंबक बांधून भाविकांनी टाकलेली नाणी काढणारी मुले असतात, आणि सराफ्यात गटारीचा गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी जसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच कामावर जगले, तशी या मुलांच्या घरची चूल त्या घाटावर चालते. तेवीस हजारांचे यंत्र घेऊन त्यांच्या पाण्यात उतरणे मला पटत नाही.

यंत्राच्या बाकी बाबी थोडक्यात सांगता येतील. बॅटरी एका चार्जिंगवर दिवसभर पुरते. कॉइल पाण्यात चालते, वरची पेटी चालत नाही. पावसात तिला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी लागते. बैलाच्या पत्र्या, वखराची मोडकी पास यांसारखे मोठे लोखंड कधीकधी चांदीसारखा मोठा आकडा दाखवून फसवते. माहितीपुस्तिका मराठीत नाही. सहाव्या महिन्यात कॉइलची वायर मुळाशी चिरली. हमीच्या मुदतीत असूनही दुरुस्तीला सहा आठवडे लागले आणि येण्याजाण्याचा खर्च मलाच करावा लागला. सोबत हातात धरायचा लहान शोधक घेतला नाही ही माझी चूक झाली. ढेकळात नेमकी वस्तू कोठे आहे हे त्याच्यावाचून कळण्यास फार वेळ जातो, त्यामुळे तो खर्च पहिल्याच दिवशी करावा.

'गुप्तधन शोधणारे दूरपल्ल्याचे यंत्र' या नावाने दोन सळया व एक मूठ असलेली वस्तू आमच्या भागात लाखांच्या किमतीला विकली जाते. तिच्यात वेटोळे नाही, जमिनीत काही सोडणारे वा टिपणारे काहीही नाही. गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले असतानाही तोच लोभ आता यंत्राच्या रूपाने घरात शिरतो आहे. माझ्याकडेही गढीत रात्री यंत्र चालवण्याची गळ घालणारे दोन जण येऊन गेले, आणि दोघांनाही मी नकार दिला.

ज्यांच्या घरी शेतात राबणाऱ्या बायका अंगावर दागिने घालून खुरपणीला, वेचणीला जातात, त्यांनी तीन-चार घरांत मिळून असे एक यंत्र जरूर घ्यावे. मात्र अकरा इंची कॉइल वाढलेल्या कपाशीच्या ओळीत झाडांना अडकते. मी वेचणीपूर्वी सहा इंची कॉइल मागवली आहे.