जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि सासूबाईंचा मोर : नऊ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगते, मी कॉम्प्युटरवाली नाही. फोर्टातल्या एका ऑफिसात हिशेब बघते, आणि माझं क्रोशाकाम आजवर डोंबिवली ते सीएसएमटी लोकलच्या लेडीज डब्यातच झालंय. जाऊन-येऊन तीन तास. चौथी सीट मिळाली तर दोन ओळी, खिडकी मिळाली तर अख्खं फूल. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्री लोकल बंद झाली आणि ते तीन तास वाचले, असं वाटलं होतं. ते भांड्यांत आणि लादी पुसण्यात गेले. उरलं काय, तर रात्री साडेनऊनंतरचा वेळ आणि २०११ सालचा एक लॅपटॉप.

त्या लॅपटॉपवर विंडोज ७ होतं. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला होता. रॅम २ जीबी. ब्राउझर उघडायला टाकायचा, चहा ठेवायचा, चहा होईपर्यंत पान दिसायचं. नवा घ्यायचा तर दुकानं बंद, आणि पगार पूर्ण येईल की नाही याचीच खात्री नव्हती. पुण्यातला भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, मिंट टाक. बिघडून बिघडून काय बिघडणार आहे?"

मिंट म्हणजे लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टीम. मी घेतली ती १९.३, एक्सएफसीई ही जुन्या मशीनला झेपणारी हलकी आवृत्ती. फाइल पावणेदोन-दोन जीबीची आणि आमचा फोनचा पॅक रोज दीड जीबीचा. म्हणजे एका दिवसात उतरणं शक्यच नाही. टॉरेंटने आज अर्धी, उद्या अर्धी अशी उतरवली, आणि त्या दोन दिवसांत घरात कुणी व्हिडिओ लावला की मी ओरडत होते. मग पेनड्राइव्ह तयार केला, आधी त्यावरूनच चालवून पाहिलं (हे मला फार आवडलं, साडी अंगावर लावून बघतो तसं) आणि रात्री अकराला इन्स्टॉल केलं.

सकाळी वायफाय गायब! आतली चिप अशी की तिचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) मुक्त, म्हणजे कुणालाही बघता-बदलता येईल असा, नाही, त्यामुळे तो मिंटसोबत येत नाही. तो उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला तो हवा. उपाय अगदी साधा निघाला. फोन केबलने जोडायचा, फोनमध्ये यूएसबी टिथरिंग सुरू करायचं, लॅपटॉपला ते वायरचं नेट वाटतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून एक खूण करायची. भाच्याला हे सुचायला दीड दिवस लागला. तुमचा लॅपटॉप जुना असेल तर केबल आधीच शोधून ठेवा.

त्यानंतर मात्र तक्रार नाही. सुरू व्हायला मिनिटभर लागतो, दोन-तीन टॅब बिनधास्त चालतात. मराठी टायपिंगसाठी आयबस (कीबोर्डची भाषा बदलायची सोय) लावलं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड मला येतोच. लिब्रेऑफिसचे (मिंटमधल्या वर्ड-एक्सेलसारख्या सॉफ्टवेअरचे) मेनू मराठीत करता येतात, पण भाषांतर कुठे आहे, कुठे नाही, आणि जिथे आहे तिथे कधीकधी इंग्रजीच बरं होतं असं वाटतं. आठ दिवसांनी परत इंग्रजी केलं.

काय नाही जमलं तेही लिहिते. घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, त्यामुळे जूनमध्ये ऑफिसनेच वेगळा लॅपटॉप दिला. लेकीच्या शाळेचं अॅप ब्राउझरमध्ये धडपडायचं, तिचे तास फोनवरच झाले. प्रिंटर छापतो, पण त्याच्यातला स्कॅनर मिंटला आजही सापडलेला नाही. म्हणजे या लॅपटॉपला कामाचं कुणी उरलंच नाही, आणि म्हणूनच तो माझ्या आणि सासूबाईंच्या वाट्याला आला.

सासूबाईंच्या रुखवतातला एक मोर आहे. मॅटीच्या कापडावर फुल्याफुल्यांचा, फ्रेम करून पन्नास वर्षं भिंतीवर. एप्रिलमध्ये साफसफाई करताना फ्रेमच्या मागचा पुठ्ठा निघाला आणि कळलं की पिसाऱ्याचा कोपरा कसरीने खाल्लाय. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी जेवताना म्हणाल्या, "नक्षीचा कागद असता तर परत केला असता. तो शेजारच्या बाईंचा होता, बघून परत दिला."

मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये 'क्रॉस स्टिच', म्हणजे फुल्यांचं भरतकाम, शोधलं तर के-एक्स-स्टिच निघालं. फुकट आणि मुक्तही. मूळ केडीई नावाच्या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपसाठी बनवलेलं असल्यामुळे ते आपल्यासोबत केडीईच्या ढीगभर फाइली घेऊन येतं. एकट्या पाहुण्याला बोलवावं आणि वऱ्हाड उतरावं तसं. दिसायला जुनाट, मेनू इंग्रजी. पण काम चोख.

मी हौसेने मोराचा फोटो काढला आणि आत टाकला. समोर आला तो मोर नव्हता, मोरावर कुणी राजगिरा उधळला होता. साठच्या वर रंग, आणि प्रत्येक रंगाचा एकेक सुटा टाका. फोटोतली सावली, कापडाचा पिवळेपणा, काचेवरची चमक, सगळ्याला त्याने दोऱ्याचा वेगळा नंबर दिला होता. रंगांची मर्यादा नऊवर आणली, थोडं बरं झालं. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, याला फोटो दिसतो, टाका नाही दिसत." मग फोटोचा नाद सोडला. त्या मूळ कापडावर सुई टेकवून मोजायच्या, "हिरवा सात, एक सोड, निळा तीन," आणि मी पडद्यावरच्या चौकटींत क्लिक करायची. रोज रात्री तासभर, बावीस रात्री. कसरीने खाल्लेला कोपरा दुसऱ्या बाजूच्या पिसांवरून उलटा करून भरला. मिरर करणं इथे दोन क्लिकचं काम आहे, कागदावर आम्हाला आठवडा लागला असता.

मॅटीवर काम करणाऱ्यांनी हा भाग नक्की वाचा. परदेशी आयडा कापडावर इंचाला ठरलेली घरं असतात, १४ म्हणजे १४. आमच्याकडची मॅटी पट्टीने मोजली तर आडवी इंचाला ११ आणि उभी १२ निघाली. म्हणजे पडद्यावरचं गोल कापडावर बसकं होणार. या सॉफ्टवेअरमध्ये आडवी आणि उभी घरं वेगवेगळी लिहिता येतात. ती लिहिली की पडद्यावरचा मोरही तितकाच बसका दिसतो, आणि काय दुरुस्त करायचं ते सुई हातात घेण्याआधी कळतं. आमचा मोर ८८ घरं रुंद आणि १२० घरं उंच, कापडावर ८ इंच बाय १० इंच.

दोऱ्याचा हिशेब मी लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखंच ते) केला, हिशेबनीस असल्यामुळे राहवलं नाही. भरतकामाची लडी ८ मीटरची, सहा पदरी. आम्ही तीन पदर घेतो, म्हणजे एका लडीत १६ मीटर. सासूबाईंच्या हाताला एका फुलीला वाया जाणारा धरून साधारण १४ मिलिमीटर दोरा लागतो. म्हणजे लडीला अकराशेच्या आसपास फुल्या. हिरव्या फुल्या होत्या तेवीसशे. श्रीखंडाच्या डब्यात हिरव्या लड्या होत्या दीड. आणि भरतकामाच्या दोऱ्याचं दुकान म्हणजे काही अत्यावश्यक सेवा नव्हे.

आकडे बघून मी लॅपटॉप मिटला. सासूबाईंनी डबा उघडला. त्यांनी दोन पदर हिरवे आणि एक पदर मोरपंखी निळा असे एकाच सुईत ओवले आणि चार फुल्या घालून दाखवल्या. लांबून हिरव्याचीच एक गडद छटा वाटते, आणि हिरवा एक तृतीयांश वाचतो. पिसाऱ्याचा अख्खा खालचा भाग तसा केलाय. के-एक्स-स्टिचला असा मिश्र दोरा कसा सांगायचा ते मला काही सापडलं नाही, म्हणून त्याजागी एक कुठलाही तिसरा रंग टाकला आणि वहीत लिहून ठेवलं.

आता माझं क्रोशाचं. ऑगस्टच्या २२ला गणपती होते. त्या वर्षी घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा, पाहुणे नाहीत, बाजारात मखर बघायला जायची सोय नाही. लेक म्हणाली, "आई, तू जाळीत अक्षरं विण ना." जाळीच्या क्रोशात दोनच गोष्टी असतात. एक खांब आणि दोन साखळ्या म्हणजे रिकामं घर, साखळ्यांच्या जागी खांबच घातले की भरीव घर. म्हणजे तो सरळ चौकटींचा कागदच.

अक्षरांसाठी इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरलं. माझ्या मिंटमधून मिळालं ते जुनं ०.९२. मे २०२० मध्ये १.० आलं होतं, पण ते वेगळं उतरवावं लागलं. फाँट घेतला 'मुक्त', मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवलेला. 'गणपती बाप्पा मोरया' लिहून त्यावर जाळी टाकली आणि घरं भरत गेले. देवनागरी क्रोशाला फार सोयीची आहे हे तेव्हा कळलं. शिरोरेषा म्हणजे भरीव घरांची एक अखंड ओळ, सगळी अक्षरं तिला लटकतात, काही सुटं राहत नाही. इंग्रजी अक्षरं जाळीत तरंगतात. त्रास दिला तो एकट्या 'प्प'ने. अर्धा प पाच घरांत बसवायला एक रविवार गेला.

एकूण पट्टी १०४ घरं लांब, १६ घरं उंच. लांबीकडून सुरू करायची तर घरं गुणिले तीन अधिक एक, म्हणजे ३१३ साखळ्या. इतक्या साखळ्या मोजताना फोन वाजला की संपलं. म्हणून आखूड बाजूने सुरू केलं, ४९ साखळ्या, आणि अक्षरं आडवी पडून विणायची. त्यासाठी नक्षी फिरवायला हवी. ती मी कॅल्कमध्ये उतरवली होती, १ लिहिलं की घर काळं होईल असं लावून. पेस्ट स्पेशलमध्ये ट्रान्सपोज केलं, नक्षी उभी झाली, मी विणायला बसले.

'गणप' झालं आणि लेकीने विचारलं, "आई, ग चा दांडा डावीकडे असतो का?"

ट्रान्सपोज म्हणजे फिरवणं नव्हे. ते ओळींचे स्तंभ करतं, म्हणजे चित्र आरशातलं होतं. कॅल्कचा काही दोष नाही, मी मागितलं तेच त्याने दिलं. बारा रात्रींचं काम उसवायचं या विचाराने मला खरंच रडू आलं. सासूबाई आल्या, पट्टी हातात घेतली, उलटी केली आणि खाली ठेवली. ग सरळ! जाळीचं क्रोशे दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, हे मला वीस वर्षं माहीत होतं. मी तसंच आरशातलं पुढे विणत गेले आणि गणपतीसमोर मागची बाजू पुढे करून लावली. तुम्ही करणार असाल तर ट्रान्सपोजनंतर ओळींचा क्रम उलटा करा, म्हणजे हा प्रसंग यायचा नाही. क्रॉस स्टिचला तर हे केलंच पाहिजे, तिथे मागच्या बाजूला नुसती गाठींची भाजी असते.

आमच्या लोकलच्या डब्यातल्या सात जणी रविवारी संध्याकाळी जित्सी मीट या व्हिडिओ कॉलवर जमायचो. तेव्हा खातं काढावं लागत नव्हतं, लिंक पाठवली की झालं, म्हणून ते निवडलं. फायरफॉक्सवर चित्र अडखळायचं, क्रोमियमवर बरं. सातही जणींनी कॅमेरे लावले की आमच्या लॅपटॉपचा पंखा मिक्सरसारखा वाजायचा. कुणी मटार सोलायचं, कुणी विणायचं. अगदी ८.१२च्या लोकलसारखं, फक्त घाटकोपरला कुणी चढत नव्हतं. ऑक्टोबरात रॅम ४ जीबी केली तेव्हा पंखा शांत झाला. हा एवढाच खर्च.

बाकी सॉफ्टवेअरबद्दल एक-दोन गोष्टी. अपडेट मॅनेजर रोज काहीतरी मागतो, पण बंद करताना अडवून धरत नाही. टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमची आधीची स्थिती जपून ठेवणारी सोय, पहिल्याच दिवशी लावा. मी एकदा नको ते पॅकेज काढलं आणि अख्खा पडदा काळा झाला होता, वीस मिनिटांत कालच्या स्थितीला परत आलं. जूनमध्ये मिंट २० आलं, मी घेतलं नाही. १९.३ला २०२३पर्यंत सपोर्ट होता, चालू गाडीचं चाक कोण काढतं? इंकस्केपचं एक इंक-स्टिच नावाचं जोडसॉफ्टवेअर भरतकामाच्या मशीनसाठी नक्षी करून देतं, तेही फुकट. पण माझ्याकडे मशीन नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

मोर दिवाळीत झाला. चोच राहिलीय. जुन्या मोराची चोच केशरी आहे, पण तो केशरी पन्नास वर्षांत उडालेला, आणि आज मिळतो तो सासूबाईंना भडक वाटतो. २०२०च्या ऑक्टोबरापासून बायकांना दुपारच्या लोकलने जाता यायला लागलं, मी आठवड्यातून दोनदा जायचे, येताना कधी एक लडी आणायचे, सासूबाई ती खिडकीत धरून बघायच्या आणि नको म्हणायच्या. चार झाल्या.

दरम्यान लोकलच्या डब्यातल्या एका मैत्रिणीने तिच्या आईचा रुखवतातला राजहंस काढलाय. तिला एवढंच सांगितलं, फोटो काच काढून, बरोबर वरून काढ, शेजारी पट्टी ठेव, आणि रविवारी मोजायला आईंना सोबत घेऊन बस.