टॅबलेटएवढा ‘लाइट थेरपी’ दिवा: परदेशी निघालेल्या मुलांसाठी पुण्यातून घ्यावा का?

जर्मनी, स्वीडन, कॅनडाला शिकायला निघालेल्यांच्या पुणेरी बॅगेत कुकर, थर्मल आणि भाजणीसोबत हल्ली ऑनलाइन मिळणारा हा दिवाही असतो. कल्पना भाबडी नाही. स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा, दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो. पुण्यात तेव्हाही अकरा तास ऊन असतं. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला नाही की शरीराचं घड्याळ मागे पडतं. मग उठवत नाही, गोडधोड आणि ब्रेड-बटाट्याची हाव सुटते, कशात मन लागत नाही. नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये याला आजार म्हणून नाव दिलं: सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर, म्हणजे ऋतूनुसार येणारं नैराश्य. दिव्याची नेहमीची मात्रा: १०,००० लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड मोजायचं एकक), रोज ३० मिनिटं, उठल्यावर तासाभरात.

गोम त्या १०,००० मध्येच आहे. खोक्यावर आकडा ठळक, आणि ‘१५ सें.मी. अंतरावर’ हे बारीक अक्षरात. पंधरा सेंटिमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही. एवढं नाक लावून चहाही पिता येत नाही. माणूस टेबलाशी बसतो ४० सें.मी.वर, आणि १५ बाय २२ सें.मी.च्या पॅनलचा उजेड तिथे पोचेपर्यंत साधारण २,००० लक्सवर येतो. २,५०० लक्सला दोन तास बसावं लागतं. सकाळचं लेक्चर असलेला मुलगा तेवढा बसणार नाही, आणि आठवड्यात दिवा कपाटावर जाईल. पाचपैकी दोन गुण, तेही हलका आहे आणि अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय म्हणून. ते लिहिलेलं नसेल तर कॅनडाच्या १२० व्होल्टवर चालेल याचा भरवसा नाही.

तपकीर गल्लीतला (पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार) २ बाय २ फुटी, ४० वॅटचा छताचा एलईडी पॅनल (एकूण उजेड सुमारे ४,००० ल्युमेन) ४० सें.मी.वर साडेचार हजार लक्सच्या आसपास देतो. म्हणजे तासभर बसायचं. पण तो बॅगेत मावत नाही आणि स्वस्त ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीचा) पॅनल फडफडतो. मोबाइलचा कॅमेरा धरला की पट्टे सरकताना दिसतात. अशा फडफडीने डोकं दुखू शकतं. त्यापेक्षा तिकडे पोचल्यावर ३० बाय ४० सें.मी.च्या आसपासचा, पांढऱ्या उजेडाचा, अतिनील किरण गाळणारा आणि १०,००० लक्स निदान ३० सें.मी.वर देणारा दिवा घ्यावा. टॅनिंगचे किंवा ड जीवनसत्त्वाचे दिवे या कामाचे नाहीत, त्यांच्यातले अतिनील किरण डोळ्यांना घातक.

दिवा डोळ्यांच्या जरा वर, थोडा बाजूला ठेवायचा. डोळे उघडे, पण टक लावून पाहायचं नाही. पोहे खा, मेल वाचा. संध्याकाळी लावला तर झोप उडते. फरक एक-दोन आठवड्यांत कळतो, आणि खाडा केला की मरगळ परतते. सुरुवात ऑक्टोबरात, मन बसायच्या आधी. डोकेदुखी, मळमळ झाली तर वेळ निम्मी करा. बायपोलर (मन उन्माद आणि नैराश्यात हेलकावणारा आजार) असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बटण दाबू नये, उन्माद उसळू शकतो. डोळ्यांच्या पडद्याचा विकार, मधुमेहाने बिघडलेले डोळे, उन्हाने पुरळ उठवणारी औषधं, इथेही तेच. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं असेल तर दिव्याची वाट पाहू नका: तिथले डॉक्टर गाठा, भारतात १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे.

पुण्यातच राहणाऱ्यांनी जुलैच्या मळभासाठी हा घ्यायची गरज नाही. घरातल्या ट्यूबखाली दोन-तीनशे लक्स असतात, बाहेर ढगाळ सकाळीही कित्येक हजार. छत्री घ्या आणि तळजाई टेकडीवर अर्धा-पाऊण तास चाला, आठच्या आत.