बॉक्स्टर ९८६ आणि बॉशचा पुनर्निर्मित स्टार्टर

पोर्शे बॉक्स्टरची पहिली पिढी, म्हणजे १९९६ ते २००४ या काळात तयार झालेली ९८६ ही गाडी, आज जुन्या गाड्यांच्या बाजारात परवडेल अशा भावात मिळते. मात्र तिचा स्टार्टर, म्हणजे इंजिनाला फिरवून सुरू करणारी विजेची मोटर, गेला की ती स्वस्ताई कुठल्या कुठे पळते. माझ्याकडे २००१ सालची, २.७ लिटर इंजिनाची आणि हाताने गिअर टाकण्याची बॉक्स्टर आहे. न्यू जर्सीत राहून दोन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या गाडीचा मूळ स्टार्टर गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर थकला आणि त्याच्या जागी मी बॉशचा पुनर्निर्मित स्टार्टर बसवला. त्यानंतरचा सबंध हिवाळा गाडीने कुरकुर न करता काढला असल्यामुळे भागाबद्दलचे माझे मत चांगलेच आहे. तरीही या परीक्षणाचा मोठा हिस्सा तो भाग जिथे बसतो त्या जागेबद्दल असणार, कारण खरेदीचा निर्णय किमतीपेक्षा त्या जागेवरच ठरतो.

बॉक्स्टरचे इंजिन दोन आसनांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या पोटात बसवलेले आहे. नेहमीच्या अर्थाने ज्याला बॉनेट म्हणावे असे काही त्याच्यावर नाही. स्टार्टर इंजिनाच्या माथ्यावर, गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी आहे आणि त्याच्यावर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणाऱ्या हवेचे प्रमाण ठरवणारी झडप) व सिलिंडरच्या दोन्ही रांगांना हवा पोहोचवणारी आडवी नळी आहे. त्यामुळे स्टार्टर अडकला की त्याला हातोडीने हलकेच ठोकून एक वेळ गाडी सुरू करून घ्यायची, ही आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असलेली युक्ती इथे चालतच नाही, ठोकणार कुठे?

म्हणूनच स्टार्टर मागवण्याआधी दोष खरोखर त्याचाच आहे का, हे पाहणे या गाडीत फार महत्त्वाचे ठरते. सेल मारल्यावर काहीच आवाज आला नाही, तर इग्निशन स्विचचा विजेचा भाग किंवा क्लचच्या पेडलपाशी असलेला छोटा स्विच यांच्याकडे आधी पाहावे. दोन्ही स्वस्त आहेत आणि दोन्हींसाठी इंजिन उघडावे लागत नाही. एकदाच ‘टक्’ असा आवाज होऊन दिवे अगदी मंदावत असतील, तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या संशयित ठरतात. दिवे तसेच लख्ख राहून केवळ ‘टक्’ होत असेल, तर सोलेनॉइडचे (स्टार्टरला जोडलेल्या, मोटरला वीज जोडून देणाऱ्या चुंबकी स्विचचे) संपर्क किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजले असण्याची शक्यता मोठी असते. पण तोच आवाज खराब केबलमुळेही येऊ शकतो. या गाडीची बॅटरी पुढच्या डिकीत आहे, इंजिन मागे आहे आणि स्टार्टर व अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे जनित्र) यांना जोडणारी जाड केबल वर्षानुवर्षे उष्णतेत आणि आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर टाकल्या जाणाऱ्या मिठाच्या ओलाव्यात राहिल्याने आतल्या आत गंजते. वरून ती धडधाकट दिसते, म्हणूनच तिच्यामुळे कित्येक चांगले स्टार्टर विनाकारण बदलले जातात.

केबलची परीक्षा करण्यासाठी स्टार्टरपर्यंत पोहोचण्याची गरज नाही, ही त्यातल्या त्यात सोयीची गोष्ट आहे. अल्टरनेटर इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, आसनांमागच्या गालिच्याआडच्या झाकणाच्या आत आहे आणि त्याची जाड तार स्टार्टरकडूनच येते. सेल मारताना त्या शेवटच्या तुकड्यातून फारसा प्रवाह वाहत नसल्यामुळे तिथला व्होल्टेज हा जवळजवळ स्टार्टरच्या टोकाचाच व्होल्टेज असतो. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरे अल्टरनेटरच्या त्या जोडणीवर धरून दुसऱ्या कुणाला तरी सेल मारायला सांगावे (त्यासाठी मीटरची एक तार लांब करून घ्यावी लागते). फरक अर्ध्या व्होल्टहून बराच जास्त दिसला, तर आधी केबल बदलावी. इंजिनाचे धातूचे अंग आणि बॅटरीचा ऋण खांब यांच्यात अशीच मोजणी केली की अर्थच्या पट्टीची अवस्थाही कळते. माझ्या गाडीत दोन्ही आकडे समाधानकारक आले, तेव्हाच मी स्टार्टरची मागणी नोंदवली.

बॉशच्या अमेरिकेतील क्रमांकांच्या शेवटी ‘एक्स’ असेल तर तो भाग पुनर्निर्मित आणि ‘एन’ असेल तर नवा. पुनर्निर्मित म्हणजे कुणीतरी रंग देऊन पुन्हा विकायला ठेवलेला जुना माल नव्हे. मूळ स्टार्टर पूर्ण खोलून, झिजणारे भाग बदलून आणि चाचणी घेऊन तो पुन्हा जुळवलेला असतो. माझ्या हाती आलेल्या स्टार्टरचा पिनियन (फ्लायव्हीलच्या दातांत अडकून इंजिन फिरवणारे छोटे दातेरी चाक) स्वच्छ होता, दात धारदार होते, तांब्याच्या खांबांवरचे आटे कोरे होते आणि पिनियन हाताने फिरवल्यावर कुठेही अडकत नव्हता. मागवताना जुन्या स्टार्टरवरचा क्रमांक वाचून तो जुळवून पाहणे उत्तम, पण तो वाचण्यासाठी आधी गाडी उघडावी लागते. तेव्हा विक्रेत्याला गाडीचा चासी क्रमांक देऊन खात्री करून घ्यावी. बाजारात याच्या निम्म्या किमतीत अनोळखी छापाचे ‘नवे’ स्टार्टरही मिळतात. दोन बोल्ट काढले की हातात येणारा स्टार्टर असता, तर मीही तो जुगार कदाचित खेळलो असतो.

बसवण्याचे काम अवघड असण्यापेक्षा चिकाटीचे आहे. प्रथम बॅटरीची ऋण जोडणी काढावी, आणि हे खरोखरच प्रथम करावे, कारण स्टार्टरवरच्या जाड तारेत बॅटरीचा प्रवाह फ्यूजविना थेट येतो. त्यानंतर कापडी छत अर्धवट उघडून त्याचे दांडे सोडवायचे आणि छत व मागचे झाकण वर उचलून बांधून ठेवायचे. २००३च्या आधीच्या गाड्यांची मागची खिडकी प्लॅस्टिकची आहे आणि थंडीत ते प्लॅस्टिक दुमडताना तडकते, म्हणून हे काम उबदार जागेतच करावे. गालिचा आणि इंजिनावरचे पत्र्याचे झाकण निघाले की हवेची नळी, थ्रॉटल बॉडी आणि ती आडवी नळी काढता येते. रबरी बाह्यांचे पट्टे सैल केल्यावरही ती नळी सहज निघत नाही. बाह्या पूर्णपणे एका बाजूला सरकवून, नळी किंचित पिळून काढावी लागते. नळी निघताच उघड्या पडलेल्या दोन्ही तोंडांत स्वच्छ फडके कोंबावे. तिथे एखादा नट पडला तर स्टार्टरचे काम राहील बाजूला आणि इंजिन खोलायची वेळ येईल.

खाली स्टार्टर दिसतो. जाड तार ३० क्रमांकाच्या खांबावर आणि सोलेनॉइडला इशारा देणारी बारीक तार ५० क्रमांकाच्या खांबावर असते. स्टार्टर गिअरबॉक्सच्या आवरणाला दोन बोल्टांनी धरलेला असून वरच्याला नीट पाना लागतो, तर खालच्याला बोटांनी चाचपून, लांब एक्स्टेन्शनच्या टोकाला लवचीक सांधा लावूनच गाठावे लागते. नवा स्टार्टर बसवताना तो खालचा बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे फिरवून घ्यावा. वरचा आधी आवळला तर खालचा सरळ लागत नाही. आवरण ॲल्युमिनियमचे असल्याने तिरका गेलेला बोल्ट आटे खातो. इतके उघडलेच आहे म्हणून थ्रॉटल बॉडी साफ करणे, कडक झालेल्या रबरी बाह्या बदलणे आणि शेजारचा तेल व वाफ वेगळी करणारा विभाजक तपासणे शहाणपणाचे आहे. सकाळी गाडी सुरू करताना मागून पांढऱ्या धुराचा लोट येत असेल, तर तो विभाजक याच वेळी बदलून टाकावा.

फरक पहिल्याच सेलला जाणवला. जुना स्टार्टर गरम इंजिनावर, विशेषतः पेट्रोल भरून पुन्हा निघताना, ओढत ओढत फिरत असे. हा गरम आणि गोठलेल्या इंजिनाला सारख्याच झपाट्याने फिरवतो, त्याच्यातली ग्रहचक्राची गिअरव्यवस्था कर्कश वाजत नाही आणि किल्ली सोडताच पिनियन फ्लायव्हीलवरून निमूटपणे मागे सरतो.

पैशांचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. इथल्या स्वतंत्र गॅरेजांत मजुरीचा दर तासाला १०० डॉलरच्या वरच असतो आणि अधिकृत विक्रेत्यांकडे त्याहून बराच जास्त, त्यामुळे काम दुसऱ्याकडून करून घेतल्यास मजुरीच भागाच्या किमतीला मागे टाकू शकते. भागाची हमी साधारणपणे भाग बदलून देण्यापुरती असते. तो पुन्हा काढण्या-बसवण्याची मजुरी तिच्यात धरलेली आहे का, हे गॅरेजकडून आधीच लेखी घ्यावे. खरेदीच्या वेळी जुन्या भागापोटी अनामत रक्कमही आकारली जाते. ती परत मिळवण्यासाठी जुना स्टार्टर न खोलता, त्याच खोक्यात घालून, विक्रेत्याने दिलेल्या मुदतीत धाडावा लागतो.